पनवेलच्या राबात पडलेले चेंडू

माझं लग्न झालं ते बोटीवरच्या माणसाशी. हे वर्षाकाठी जेमतेम महिनाभर घरी असत, आणि त्या महिन्यातली प्रत्येक सकाळ गोल्फच्या मैदानावर. मी क्लबच्या व्हरांड्यात सरबत पीत वाट बघायचे. हे आले की त्याच दिवसापासून मी उरलेल्या सकाळी मोजायला लागायचे, आणि त्याही अशा व्हरांड्यात फुकट जायच्या.

सोबत जायला एकच अडचण होती. पहिल्या टीसमोरच, म्हणजे जिथून पहिला फटका मारतात त्या जागेसमोरच, एक रुंद नाला होता. तो एका फटक्यात ज्याला ओलांडता येत नसे, त्याला सकाळच्या गर्दीत मैदानात सोडत नसत. माझा चेंडू नाल्यात पडायलाही कधी पोचला नव्हता.

त्या वर्षी बोट सुटताना ह्यांनी धक्क्यावर मला सांगितलं, "चेंडू डाव्या टाचेसमोर ठेव, जोर लावू नकोस, आणि फटका बसेपर्यंत मान वर करू नकोस." बायकोचा निरोप घेण्याची ही काय तऱ्हा! मी मात्र मान वर करूनच उभी राहिले, बोट दिसेनाशी होईपर्यंत.

मुंबईतल्या आमच्या दोन खोल्यांत सराव करताना कपाटाची काच फुटली, तेव्हा पनवेलच्या वन्संनी, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहिणीने, बोलावून घेतलं. "भात कापलं की आमच्यामागे उघडं रान असतं. हवं ते फोड."

होळी नुकतीच झाली होती. खाडीवर पूल नव्हता तेव्हा. एसटी ठाणे, मुंब्रा, शीळ करत धूळ खात जायची. तिकीट दोन रुपयांच्या आतबाहेर. आज निघणाऱ्यांना माझा रस्ता काही कामाचा नाही, पण जुन्या साडीत गुंडाळलेला ड्रायव्हर, एसटीचा नव्हे, गोल्फचा, मांडीवर घेऊन खिडकीशी बसायला मिळालं तर जरूर बसा. कंडक्टरने विचारलं, "ताई, बंदूक आहे का?" मी म्हटलं, "नाही, गोल्फची काठी." त्याचं काही समाधान झालेलं दिसलं नाही.

गावात शिरताना रस्त्याच्या कडेला बैलगाडीची नवी चाकं ओळीने टेकवलेली होती आणि ताज्या लाकडाचा वास सुटला होता. वन्संकडे वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी. इतकी जेवले की त्या दिवशी काठी साडीतून बाहेरच आली नाही.

दुसऱ्या सकाळी घरामागच्या खाचरात उभी राहिले. समोर कर्नाळ्याचा सुळका; नेम धरायला छान. टीच्या छोट्या लाकडी खुंटीवर चेंडू ठेवला, डावी टाच जुळवली, काठी सावकाश मागे नेली आणि ऐन वेळी मान वर केली. कुठे गेला ते बघायला नको का? चेंडू दोन हात सरपटला. असे कितीतरी. जे चुकून उडाले ते वाळलेल्या धसकटांत गडप झाले. वन्सं दारातून म्हणाल्या, "अगं, तू फटका मारायच्या आधीच चेंडूच्या मागे निघतेस." मला रडूच आलं.

पुढे कधीतरी एक चेंडू नशिबाने लांब गेला, दूरच्या एका काळ्या तुकड्यावर पडला आणि राखेचा फुगा उडाला. मी आनंदाने धावत सुटले, तोच बांधावरून आवाज आला.

"गो बाय, थांब! राब हाय तो! पाय नको ठेवूस!"

ती यमुनाबाई, त्या खाचरांची मालकीण. पालापाचोळा आणि शेण पसरून तिने भाताच्या रोपासाठी ती जमीन भाजली होती. पाय पडले की राख उसकटते, वाऱ्यावर जाते, असं तिने मला बजावलं.

"आणि माझा चेंडू?"

"तो काय पलून जातो? रोप काढताना गावंल, तवा देन."

"मारू तरी का इकडे?"

"मार. तू मातर येव नको."

राबात पाऊल टाकायचं नव्हतं, पण चेंडू पडला तिथे राखेत खूण उठत होती आणि ती वाऱ्याने बुजेपर्यंत तशीच राहत होती. एकदम माझ्या लक्षात आलं: घाईने बघायची गरजच नाही. चेंडू गेला तरी खूण थांबणार आहे. त्या दिवसापासून मी मान खाली ठेवून नुसती टी उडालेली बघायचे, काठी पूर्ण खांद्यावर आल्यावरच डोकं वर करायचे. चेंडू राबावर पडू लागले. मला तर नाचावंसं वाटत होतं.

यमुनाबाई बांधावरून निकाल सांगायची. "कालच्या म्होरं गेला." मग एकदा विचारलंच, "कशाला गो येवडा कुटाना?"

"नवऱ्याबरोबर चालायला मिळावं म्हणून."

ती हसत सुटली. "माजा रोज संगती चालतो. सबूद बोलत नाय!"

मीही हसले, पण त्या 'रोज'चा इतका हेवा वाटला की उरलेल्या दिवसात एकही फटका धड बसला नाही.

परत आले, तर ह्यांची तार. बोट दुसरीकडे वळली होती, येणं पावसाळ्यानंतर. मी एका रिकाम्या दुपारी क्लबवर जाऊन नाला ओलांडला. नियमाप्रमाणे मान खाली ठेवली. वर केली तेव्हा चेंडू पलीकडे होता आणि शेजारी कोणी नव्हतं. इतका नेटका फटका आणि इतकी वाईट दुपार माझ्या वाट्याला पुन्हा आली नाही.

भातलावणी उरकल्यावर वन्संनी कोणाबरोबर तरी एक पुरचुंडी पाठवली. राबातले चेंडू. घासूनही त्यांचा काळा रंग पुरता जात नव्हता. मी ते खिडकीत ठेवले आणि येता-जाता हात लावत राहिले.

हे आले ते दसऱ्याच्या सुमारास. पहिल्याच सकाळी मी टीवर राबातला चेंडू ठेवला. "मान," हे म्हणाले. फटका बसला. काठी खांद्यावर आली, तरी मी खालीच बघत होते.

"आता बघ की वर."

"तुम्हीच सांगा कुठे पडला."

"पलीकडे," हे म्हणाले. "चल."

नाल्यावर एक लाकडी साकव होता. दोघांनी मिळून तो ओलांडला. किती सकाळी उरल्यात, ते त्या वर्षी मी मोजलं नाही.