स्वतःच्याच नंबरला गैरहजर

आमच्या कान-नाक-घशाच्या ओपीडीत नंबर पुकारायला एक बाई होत्या. हजेरीपटावर त्यांचं नाव होतं, पण सगळे त्यांना भोंगाबाई म्हणायचे आणि त्यांनाही त्यात काही वावगं वाटत नसे. मी शेजारच्या खिडकीत बसून केसपेपरवर शिक्के मारायचो. आमच्या दोघांच्या मध्ये प्लायवूडची फळी होती. बावीस वर्षांत तिला दोनदा तडा गेला. दुरुस्तीच्या अर्जात कारण लिहायची वेळ आली तेव्हा मी 'हवामान' असं लिहून दिलं.

आवाज खरोखरच तसा होता. त्यांनी "एकोणतीस" म्हटलं की आमच्याकडचा एकोणतीस उठायचाच, पण जिन्यापलीकडे डोळ्यांच्या विभागात बसलेला एकोणतीसही उठायचा. एकदा तिकडचा एक माणूस, डोळ्यांत थेंब घातलेला, काही दिसत नसलेला, भिंत धरून आवाजाच्या रोखानं आमच्याकडे आला. कोणाच्या लक्षात येईपर्यंत त्याच्या दोन्ही कानांतला मळ काढून झाला होता. त्यानं तक्रार केली नाही. उलट, आता जरा स्पष्ट दिसतंय, असं म्हणाला.

नियमाच्या बाबतीत बाई म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. नंबर तीनदा पुकारायचा, माणूस उठला नाही तर रजिस्टरात 'गैरहजर' लिहायचं आणि त्याला पुढच्या आठवड्यात नवा नंबर घ्यायला लावायचं. ओळखपाळख, रडारड, कशाचा उपयोग नाही. खुद्द अधीक्षकांच्या सासूबाईंना त्यांनी भर कॉरिडॉरमध्ये सांगितलं होतं, "साहेबांच्या सासूबाई असाल, पण अठ्ठाविसाच्या आधी सत्ताविसावाच येतो."

तर या बाईंचा आवाज एका वर्षी जाडा व्हायला लागला. आधी फक्त दुपारनंतर. मग सकाळपासूनच. घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, म्हणायच्या, आणि दर दहा नंबरांनी खाकरायच्या. कधी चहाला दोष, कधी धुळीला, कधी मी मारत असलेल्या शिक्क्याच्या शाईला. मग एके दिवशी "बेचाळीस" म्हणता म्हणता थांबल्या आणि रुमाल तोंडाला लावला. रुमालावर रक्ताची रेघ होती.

"बाई, कोणाला तरी दाखवा," मी म्हटलं.

"कोणाला दाखवू?"

मी त्यांच्या पाठीमागच्या दाराकडे बोट केलं. दारावर 'घसा तपासणी' अशी पाटी होती. बाईंनी मान वळवून ती पाटी पहिल्यांदाच पाहिल्यासारखी वाचली.

आता दार दहा पावलांवर आणि आतले डॉक्टर रोज त्यांच्याच हातून केसपेपर घेणारे. कोणीही सरळ आत गेलं असतं. बाई माझ्या खिडकीसमोर रांगेत उभ्या राहिल्या. मी शिक्का मारून नंबर दिला, चौसष्ट. तो पर्समध्ये टाकून त्या जागेवर जाऊन बसल्या आणि पुकारायला लागल्या.

त्या दिवशी गर्दी मरणाची होती. त्रेसष्ट आत गेला, बाहेर आला. बाईंनी पुकारलं, "चौसष्ट." कोणी उठेना. "चौसष्ट." बाकावरची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मीही फळीवरून डोकावलो. मला वाटलं, बाई मुद्दाम नियमानं करताहेत, तिसऱ्यांदा पुकारून उठतील. तिसऱ्यांदा त्यांनी असा काही आवाज लावला की डोळ्यांच्या विभागातून दोघं आले. मग बाईंनी पेन उचललं, चौसष्टपुढे 'गैरहजर' लिहिलं आणि पुटपुटल्या, "लोकांना स्वतःच्या जिवाची काळजी नाही."

दीड वाजता डब्यासाठी पर्स उघडली तेव्हा चिठ्ठी हाताला लागली. त्यांनी चिठ्ठीवरचा आकडा रजिस्टराशी दोनदा ताडून पाहिला.

"खोडून टाका की," मी म्हटलं. "आपलंच तर रजिस्टर."

"रजिस्टरात खाडाखोड चालत नाही," त्या म्हणाल्या आणि पुढच्या आठवड्याची वाट बघितली.

पुढच्या आठवड्यात मी त्यांना मुद्दाम नववा नंबर दिला. "नऊ," त्यांनी पुकारलं, "आले," स्वतःच म्हटलं, आणि आत गेल्या. आत पाऊण तास लागला. तेवढा वेळ कॉरिडॉरमधली शंभरेक माणसं हातात चिठ्ठ्या धरून गप्प बसून होती, कारण दहाला कोणी बोलावलंच नव्हतं.

आमचे सर्जन उंच, किडकिडीत आणि कमी बोलणारे. त्यांनी बाईंच्या नाकातून बारीक दुर्बीण घातली आणि समोरच्या पडद्याकडे बघता बघता चक्क हसले. स्वरयंत्राच्या डाव्या बाजूला, स्वरपट्टीच्या जरा वर, काळ्या द्राक्षासारखं जांभळं काहीतरी बसलं होतं.

"रक्तवाहिन्यांची गाठ दिसतेय," ते म्हणाले. "दिसण्यावरून तरी साधी वाटते, कॅन्सरची नाही. मोठ्या माणसांच्या घशात फार क्वचित होते. मी नोकरीत ही दुसरी बघतोय."

"मग तुकडा काढून तपासायला पाठवायची ना? केसपेपरवर नेहमी तसं लिहिता."

"हिचा तुकडा काढायचा नसतो. आत सगळं रक्तच आहे. चिमटा लावला तर नळ उघडल्यासारखं होईल. आधी रंग टोचून एमआरआय करू, गाठ किती खोल गेलीय ते बघू."

"ओरडल्यामुळे झाली का?"

"कशामुळे होते ते नक्की कोणी सांगू शकत नाही," सर्जन म्हणाले. "पण ओरडल्यानं तिला सुख लागत नसणार."

बातमी कॉलेजभर झाली. दोन दिवसांनी शिकणारे डॉक्टर झुंडीनं गाठ बघायला आले. सर्जनना त्यांना पुन्हा दुर्बिणीतून दाखवायचं होतं. बाईंनी हरकत घेतली नाही, पण खोलीत चाललेली ढकलाढकली त्यांना बघवेना. दुर्बीण जरा मागे घ्यायला लावून त्या उठल्या, सगळ्यांना भिंतीला धरून उभं केलं आणि चिठ्ठ्या वाटल्या. "एका वेळी दोघं. बघून झालं की डावीकडून बाहेर. घसा कुठं पळून जात नाहीये." मग परत खुर्चीत बसल्या आणि नाक वर केलं. एकवीस नंबरचा मुलगा बाहेर गेला होता, तो गाठ न बघताच डॉक्टर झाला.

एमआरआयमध्ये गाठ फार खोल गेलेली निघाली नाही. सर्जननी बाईंना आणि त्यांच्या यजमानांना समोर बसवलं. यजमान शिलाई मशीन दुरुस्त करायचे, शांत माणूस, हाताची बोटं कायम तेलकट. गाठ लहान असती, त्रास नसता, तर नुसतं लक्ष ठेवलं असतं, सर्जन म्हणाले, पण रक्त येऊन गेलंय, आवाज बसलाय, तेव्हा काढलेली बरी. बाहेरून कापायचं नाही. पूर्ण भूल देऊन तोंडातून नळी घालायची, मायक्रोस्कोपमधून बघत लेझरनं गाठ आवळत, सुकवत काढायची.

"रक्तस्राव जास्त झाला किंवा सूज आली तर श्वासासाठी मानेला पुढून छिद्र करावं लागेल, तात्पुरतं," सर्जन यजमानांकडे बघून म्हणाले. "ते आधीच सांगून ठेवतो."

"हो हो," यजमान मान डोलावून म्हणाले. "जेवणानंतर दिलं तरी चालेल."

सर्जननी बाईंकडे बघितलं. बाई म्हणाल्या, "घाबरलेत." आणि फॉर्मवर स्वतः सही केली.

ऑपरेशनच्या दिवशी माझंही कामात लक्ष नव्हतं. मी दोन केसपेपरवर उलटा शिक्का मारला. बाईंच्या जागी पुकारायचं काम माझ्याकडे आलं होतं. माझा आवाज असा की पहिल्या बाकावरच्या म्हातारीनं विचारलं, "कोणासाठी प्रार्थना करताय, बाळा?" दीड तासानं शिकाऊ डॉक्टरीणबाई येऊन सांगून गेल्या. गाठ निघाली, रक्त वाटीभरही गेलं नाही, मानेला छिद्र करावं लागलं नाही. मी खुर्चीत टेकलो आणि पुढचे चार नंबर पुकारायचे विसरलो.

दहा दिवस तोंडातून शब्द काढायचा नाही, असं बाईंना सांगितलं होतं. कुजबुजायचंसुद्धा नाही, कारण कुजबुजीनं स्वरपट्ट्यांवर उलट ताणच पडतो. पुढचं घरातलं बाईंनी मला नंतर सांगितलं.

तिसऱ्या दिवसापर्यंत त्यांच्या लक्षात आलं की यजमानांचं काहीतरी बिनसलंय. कुकरच्या शिट्ट्या होऊन होऊन भात करपला, ते शेजारी बसून पेपर वाचत होते. दाराची बेल वाजली, उठले नाहीत. बोलायला म्हणून बाईंनी घरात पाटी-खडू ठेवला होता, त्या पाटीवर लिहिलं, 'तुम्हाला ऐकू येत नाही?' यजमानांनी चष्मा वर करून वाचलं आणि जरा ओशाळले.

"तुझं येतं की," ते म्हणाले. "चार-पाच वर्षं झाली, फक्त तुझंच येतं. बाकीचं कुठं लागतं मला? मशीनला हात लावला की कळतं काय दुखतंय तिला."

बाईंनी लिहिलं, 'डॉक्टर काय म्हणाले होते?'

"गोळ्यांचं काहीतरी सांगत होते ना?"

मानेच्या छिद्राला आपल्या नवऱ्यानं जेवणानंतर परवानगी दिली होती, हे बाईंना तेव्हा कळलं. त्यांना इतकं हसू आलं, पण हसायचीही बंदी होती. उशी तोंडावर दाबून न्हाणीघरात जाऊन बसल्या. त्यानंतर त्या रडल्याही, असं म्हणाल्या, पण तेही आवाज न करता.

त्यात नणंद. तिचा दर रविवारी फोन यायचा आणि तासभर चालायचा. त्या रविवारी बाईंनी खूण केल्यावर यजमानांनी फोन उचलला, "ती बोलत नाहीये," एवढंच सांगितलं आणि समोरून काय विचारतात ते ऐकू येत नसल्यामुळे ठेवून दिला. नणंदेनं घरात भांडण झालं असं धरून सगळ्या नातेवाइकांना कळवलं. आठवडाभर लोक समजूत घालायला येत होते. एकाला ऐकू येत नव्हतं आणि दुसरीला बोलता येत नव्हतं, त्यामुळे आलेले लोक चहा पिऊन, दोघांनाही थोडं थोडं रागावून परत जायचे.

सातव्या दिवशी कार्यालयातून पत्र गेलं. 'प्रमाणपत्रात आपण बोलण्यास अपात्र असल्याचे नमूद आहे, काम करण्यास अपात्र असल्याचे नाही. सबब, आपण कामावर रुजू व्हावे.' पत्रात चूक काढता येत नव्हती. नंबर पुकारणारी बाई बोलता येत नसताना नंबर पुकारायला आठव्या दिवशी हजर झाली. येताना घरची पाटी आणि खडू घेऊन आली.

पाटीवर मोठा आकडा लिहायचा, डोक्यावर धरायची, डावीकडून उजवीकडे फिरवायची. पहिले अर्धा तास लोक बावचळले. मग एक गोष्ट घडली, जी बावीस वर्षांत घडली नव्हती. आमची रांग सुरळीत चालायला लागली. 'गैरहजर' एकही नाही. साडेअकरालाच तिसावा नंबर आत. मी फळीवरून बाकांकडे बघत राहिलो.

शेवटच्या बाकावर एक निवृत्त मास्तर बसायचे. अकरा महिने येत होते आणि दरवेळी सगळे गेल्यावर न तपासताच परत जायचे. त्या दिवशी सातवा नंबर दिसताच ताडकन उठले. माझ्या खिडकीशी थांबून म्हणाले, "आज लवकर कसं? मला वाटायचं, कानाचे पेशंट शेवटीच घेतात आणि तोवर वेळ संपते."

कान तपासायला आलेल्या माणसांना आम्ही बावीस वर्षं हाका मारत होतो. हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं, ना अधीक्षकांच्या, ना सर्जनच्या, ना माझ्या. जुनी रजिस्टरं काढून बघितली तर गैरहजरांत निम्म्याहून जास्त कानाचेच. बाईंनी दोन रजिस्टरं पूर्ण वाचली. त्यांचा चेहरा उतरला. पाटीवर त्यांनी काहीतरी लिहिलं, पुसलं, परत लिहिलं, परत पुसलं. शेवटी नुसती पाटी मांडीवर ठेवून बसल्या.

"आवाज तुमचा मोठा होता म्हणून तरी निम्मे येत होते," मी म्हटलं. "माझा असता तर कोणीच आलं नसतं." त्यानं त्यांना काही बरं वाटलं असेल असं नाही.

तपासणीचा कागद आला, गाठ साधीच, रक्तवाहिन्यांची. दहा दिवस संपले. बाई पहिल्यांदा बोलल्या त्या सर्जनसमोर. आवाज निघाला पातळ, कोवळा, एखादी शाळेतली मुलगी बोलावी तसा. महिन्याभरात थोडा भरेल, सर्जन म्हणाले, पण भोंगा परत यायचा नाही आणि आणायचा प्रयत्नही करायचा नाही. आणि वर्षभर दर तीन महिन्यांनी दुर्बीण. बाईंनी यजमानांनाही रीतसर नंबर काढून कान तपासायला लावले. त्यांना यंत्र बसलं. यंत्र लावून पहिल्या दिवशी घरी गेल्यावर बायकोचा नवा आवाज ऐकून ते म्हणाले, "हा कोणाचा आवाज?" आणि बराच वेळ तिला काही ना काही विचारत बसले, भाजीचं, कपड्यांचं, कशाचंही.

ओपीडीत आता पाटी कायमची झाली. कार्यालयानं मागणी न करता खडूंची पेटी पाठवली, हे आमच्याकडे पहिल्यांदाच घडलं. डोळ्यांच्या विभागानं मात्र लेखी तक्रार केली की त्यांचे पेशंट आता उठत नाहीत.

रविवारी नणंदेचा फोन आला. बाईंनी घेतला.

"हॅलो," त्या म्हणाल्या.

"कोण बोलतंय? वहिनीला दे गं जरा."

"अहो, मीच."

"मीच म्हणजे कोण? नवी कामाला लागलीस का? हे बघ, वहिनीला बोलाव. तिला म्हणावं, राग सोड आता, मी सगळ्यांना सांगून ठेवलंय."

बाईंनी यजमानांकडे बघितलं. ते कानातल्या यंत्राचं बटण फिरवून बघत होते.

"वहिनी बाहेर गेल्यात," बाई म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत यायच्या नाहीत." आणि फोन ठेवला.

मग दोघं फिरायला गेले.