आईच्या खाणावळीचा परवाना

माणूस खाल्ल्या मिठाला जागतो म्हणे. मला नका सांगू. सुरतेतल्या बमरोलीत आमच्या खाणावळीत लूमवाल्यांना, म्हणजे मागावरच्या कामगारांना, वाढता वाढता मी मोठी झाले आहे.

खाणावळ म्हणजे चाळीतली आमचीच एक लांबट खोली. मधोमध प्लायवूडचं पार्टिशन. अलीकडे पंगत, पलीकडे स्टोव्ह, परात आणि आई. पार्टिशनला चौकोनी खिडकी होती, तिच्यातून आई गरम भाकरी सरकवायची आणि मी वाढायचे. जेवणारे सगळे खान्देशातले, बायकापोरं गावी ठेवून आलेले. आईच्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवर त्यांचा फार जीव. "घर आठवनं," असं म्हणत एकेक जण चवथी भाकरी मागायचा. आई कधी बाहेर येत नाही म्हणून त्यांना तिचं कौतुकही होतं. फार मर्यादेची बाई, म्हणायचे.

मर्यादा कसली आलीय! आईच्या दोन्ही हातांवर कोड होतं. बोटांपासून सुरू झालेलं पार कोपरापर्यंत चढलेलं. चाळीतल्या बायकांना ते माहीत होतं, पण बायका काही आमच्याकडे जेवायला येत नव्हत्या.

प्लेग येऊन गेला आणि सुरत बदलली. गल्ल्या धुतल्या जाऊ लागल्या, खाण्यापिण्याच्या प्रत्येक जागेला परवाना लागू लागला. वडिलांची पांडेसऱ्यातल्या डाइंग मिलमधली नोकरी तेव्हा सुटली होती. घर चालत होतं ते खाणावळीवर. परवाना नसेल तर खाणावळ बंद, इतका सरळ मामला.

तपासायला आलेले साहेब भले होते, खोटं का बोलू. आईला मावशी म्हणाले. डबे, पाण्याची टाकी, मोरी सगळं पाहिलं आणि पार्टिशनवर टकटक केलं. "मासी, आ काढी नाखो. ग्राहकने रसोडुं देखावुं जोईए." म्हणजे हे काढून टाका, जेवणाऱ्याला स्वयंपाक होताना दिसला पाहिजे. आणि स्वयंपाक करणारीची डॉक्टरी तपासणी पाहिजे. आईनं हात पदराखाली घेतले ते साहेब जाईपर्यंत काढले नाहीत.

तपासणीच्या आदल्या दिवशी तिनं हातांना मेंदी थापली. नक्षी नाही, काही नाही, नुसता कोपरापर्यंत लेप. मला हसू आलं आणि रडूही आलं. डॉक्टरनं छाती तपासली, घसा पाहिला, मग हात उलटेपालटे केले. मेंदी काय डॉक्टरला फसवणार! मला वाटलं, संपलं आता. पण तो म्हणाला, हा चेपी रोग नाही, दुसऱ्याला लागत नाही, खुशाल रांधा. आणि तसं लिहून दिलं.

आईला आधी ते खरंच वाटेना. मला दोनदा विचारलं, "काय म्हणना तो?" मी सांगितलं. येताना ती भर रस्त्यानं हात मोकळे सोडून चालली. मी तिला तशी चालताना पहिल्यांदाच पाहत होते, आणि वेडी, मलाही वाटलं की सुटलो.

परवाना आला. वडिलांनी काचेची फ्रेम करून तो दारासमोर टांगला आणि पार्टिशन उखडलं. दुपारची पंगत बसली. आई परातीत भाकरी थापत होती, मेंदी फिकी पडलेली. सगळ्यांनी पाहिलं. एकानं अर्धी भाकरी ताटाखाली सरकवली. चवथी सोडा, दुसरी कुणी मागितली नाही.

मग कारणं सुरू झाली. कुणाची पाळी बदलली, कुणाला पित्त झालं, कुणाला अचानक गावी जायचं निघालं. गावी गेलेला तो मेला मला दुसऱ्याच दिवशी मागच्या गल्लीतल्या मेसबाहेर दात कोरताना दिसला!

माझं डोकं फिरलं. उरलेले तिघं-चौघं जेवायला बसले होते, मी भिंतीवरची फ्रेम काढली आणि त्यांच्यापुढे धरली. "वाचा! डॉक्टरनं तपासलंय, सरकारचा शिक्का आहे!" कागद गुजरातीत, वाचतंय कोण? मग मीच मोठ्यानं वाचून दाखवला. आई मागून "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे" म्हणत होती. त्यांच्यात आईच्या माहेरच्या गावचा एक जण होता, तिला ताई म्हणायचा, दर राखीला यायचा. तो ताटाकडे बघत म्हणाला, "कागद खरा व्हई माय. पन मन मानत नही."

शिवी दिली असती तर भांडले तरी असते. मन मानत नाही म्हटल्यावर कुणाशी भांडणार?

वडील म्हणाले, पार्टिशन परत ठोकू, परवाना गेला खड्ड्यात. आई म्हणाली, "देखेल आते त्यासना डोयातून कसं काढशात?" एकदा डोळ्यांनी पाहिलेलं कसं पुसणार, तेही खरंच होतं. राखीवाला भाऊ सगळ्यांत शेवटी आमची खाणावळ सोडून गेला. जाताना आईच्या पाया पडला, वाकून, हात न लावता.

आईनं पुढे साड्यांना लेस लावायचं काम घरी आणलं. खाणावळ बंद झाली त्या संध्याकाळी आम्ही घरचेच तेवढे जेवायला बसलो. आईनं तव्यावरची भाकरी चिमट्यानं उचलली आणि चिमट्यानंच माझ्या ताटात ठेवली. मग वडिलांच्या, मग धाकट्या भावाच्या.

"आई, हे काय नवीन?" मी ओरडलेच. "डॉक्टरनं सांगितलंय ना, लागत नाही म्हणून!"

तिनं पुढची भाकरी तव्यावर टाकली. "डाक्टर काय आपलाकडे जेवाले येस?"

त्यानंतर आईनं आमच्या कुणाच्या ताटात हातानं भाकरी वाढली नाही.