बिनदांड्याची गाडी आणि माझा शर्ट

डोळे बांधून पिकअप मागं घेईन, असं मी कर्जतच्या नाक्यावर छाती ठोकून सांगायचो. तवर डोळे उघडे ठेवून मी दोन कुंपणं आणि एक नळ पाडला होता.

शेठची जुनी दुधाची पिकअप लय वर्षं माझ्या हातात. चावी फिरवायची, गिअरचा दांडा हिसडायचा, नाय ऐकलं तर शिवी द्यायची. मग शेठनं नवीन घेतली. हिला दांडाच नाय. मिक्सरला असतं तसं गोल बटण, ते फिरवायचं. आणि चावी म्हंजे नुसता काळा खडा. कुठं घालायचा नाय, खिशात ठेवायचा. बटण दाबलं का गाडी चालू.

शेठच्या शिकलेल्या भाच्याला ती गाडी पायजे होती. मी शेठच्या पाया पडलो. शेठ बोलला, "आठवडाभर बघतो. एकदा जरी दूध नासलं, तर गाडी भाच्याला."

पयल्या दिवशी शेठ बाजूला बसला. चढ आला तसा माझा डावा हात सवयीनं दांडा शोधाय गेला, आणि मी शेठचा गुडघा धरून दुसऱ्या गिअरात टाकला.

"अरं सोड रं! पाय हाय माझा!"

तिसऱ्या दिवशी कडावला, आमच्याकडं दूध घालणाऱ्या काकूंच्या दारात दुधाचे कॅन भरत होतो. इंजिन चालूच. कॅन उचलताना मी शर्ट काढतो, आणि तो ठेवला धुण्याच्या दगडावर. कॅन चढवले, बनियनवरच निघालो. गाडी लगेच टूं टूं करून ओरडाय लागली, पडद्यावर इंग्रजीत कायतरी लाल लाल आलं. आपल्याला कुठं वाचता येतंय? मला वाटलं, नवीन हाय, लाडात आली असंल. मी गाणी मोठी केली.

कर्जतला चहाला थांबलो, गाडी बंद केली. चहा पिऊन बटण दाबलं. काय नाय. परत दाबलं, अंगठा दुखेस्तोवर दाबलं. मग खिसा चाचपाय गेलो, तर छातीवर खिसाच नाय. ऊन चढत होतं, मागं दूध तापत होतं, आणि मला सारखा भाचा दिसत होता.

काकूंना फोन लावला. "काकू, माझा शर्ट हाय का वं तितं?"

"हाय की. भिजत घातला."

"अवं, खिशात चावी हाय!"

"ती काढली आधी. मी खिसं बघून कपडं भिजवते. तुझ्यासारखी नाय."

काकू स्कूटी घेऊन चावी द्यायला आल्या. शर्ट बादलीतच. मी तसाच बनियनवर खोपोलीच्या डेअरीपर्यंत गाडी पळवली. दूध तपासलं, पास झालं, जरासं राहिलं होतं नासायचं. मी सुटलो म्हणून वळतो, तर दारात शेठ.

"शर्ट कुठं हाय रं?"

थाप सुचली नाय, म्हणून सगळं खरं सांगितलं. शेठनं गाडीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"दूध वाचलं, म्हणून उद्या ये. पण चावी राहिली हे गाडीला कळलं, तुला नाय कळलं. मग पगार कुणाला देऊ, तूच सांग."