दुसरीच्या रांगेतली पाचवीची पोर

हे आत्ताच सांगते, न्हाईतर मी ह्यात स्वतःला बरं वाटंल असं काहीतरी घुसडून टाकीन.

आमची शाळा धारूरच्या घाटाखाली हाय. ऊसतोडीहून मायबाप परत आले की त्यांची पोरंबी वर्गात परत येतात. कोण किती मागं पडलंय हे बघायला टॅबवर चाचणी हाय. पोरानं उत्तर दाबायचं, आतला एआय पातळी सांगतो. मला लई भारी वाटलं. दिवसभराचं काम तासाभरात. मी टेबलाशी बसून यादी केली अन् सगळ्यांसमोर वाचूनबी दाखवली.

पाचवीतल्या एका पोरीपुढं लिहिलं होतं, दुसरीची पातळी. आई रानात जाते म्हणून धाकटी बहीण रोज तिच्याजवळच असते. तिनं बहिणीला कडेवर घेतलं अन् गुपचूप दुसरीच्या रांगेत जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी आलीच न्हाई. मी टॅब घेऊन घरी गेले. आई भाकरी थापत होती. म्हणाली, "बारक्या पोरात बसायला लाजती मॅडम. म्हनलं, ऱ्हाऊ दे मग शाळा. येत्या हंगामाला चल तोडीला."

मी तिथंच चुलीपाशी खाली बसले.

पोरीला म्हटलं, माझ्यासमोर सोडव बरं. ती मनात भागाकार करत होती, ओठ हलत होते. तेवढ्यात मांडीवरच्या बहिणीनं टॅबवर चापट मारली. चूक. लगेच पुढचं गणित.

"काल पण असंच झालं का गं?"

"हौ."

"मग सांगितलं कावून न्हाई?"

"तुमी कामात होत्या ना."

बहिणीला मी माझ्या मांडीवर घेतलं. ती माझी ओढणी चावत बसली अन् इकडं हिनं पाचवीची गणितं सोडवली. दोन चुकली, पण ती तिची स्वतःची चूक होती.

सोमवारी ती परत पाचवीत बसली. चाचणी मी अजून घेते, त्यानं वेळ वाचतो हे खरंच हाय. पण आता पोरांत बसून घेते, अन् यादी कुणाला वाचून दाखवत न्हाई. ती पोरगी मात्र टॅब हातात घ्यायच्या आधी बहिणीला माझ्याकडं देते, अन् मी नीट धरलंय का ते बघते.

तुमच्यासंगं झालंय का असं? कुणी तुमच्याकडं न बघताच तुमची जागा ठरवली, अन् तुमी गप जाऊन बसलात?