एक्कावन्नावं पाकीट

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही हो. आमच्या दूध संघातल्या जुन्या माणसांपैकी कुणाच्या तरी पोरीचं लग्न निघतं, मांडवात आम्ही चौघं एका बाकड्यावर बसतो, एकजण म्हणतो, "युसूफचाचाचं आठवतं का?" आणि शेवटची पंगत उठली तरी आमचं उठणं होत नाही! ऐकणाऱ्याला वाटतं, दूध संघात एवढं काय घडत असेल? घडायचं. आणि निम्मं माझ्या कॉम्प्युटरमुळं घडायचं.

मी मूळची चौसाळ्याची. इंजिनीअर झाले आणि बीडच्या एका सहकारी दूध संघात सर्व्हर सांभाळायला लागले. वर्षं दुष्काळाची. गावोगावच्या संकलन केंद्रांवर कुणाचं किती दूध आलं, ते वायरलेसनं आमच्याकडं यायचं. एका नोंदीचं एक पॅकेट. ते आत कसं येतं, एवढं एकदाच सांगते. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर म्हणून एक प्रोग्रॅम असतो, तो पॅकेट उचलून एका रांगेत ठेवतो. पुढचा प्रोटोकॉलचा कोड सवडीनं रांगेतून एकेक काढून वाचतो. आमच्या रांगेत जागा पन्नासांची. एक्कावन्नावं आलं की टाकून द्यायचं. कुणाला न सांगता!

*

नोंदी गायब व्हायला लागल्या तसं संचालकांच्या बैठकीत चेअरमन आप्पांनी मला उभं केलं.

मी म्हणाले, "आप्पा, ड्रायव्हर पाकिटं उचलतो, पण पुढं जागाच नसते. मग तो टाकून देतो."

आप्पा लालबुंद! "टाकून देतो? या दुष्काळात? कोण हाय तो ड्रायव्हर?"

मी समजावलं. पण बैठकीतून बाहेर गेलं ते आप्पांचंच वाक्य. दुसऱ्या दिवशी सकाळी टँकरवाले युसूफचाचा माझ्या दारात उभे, टोपी हातात.

"म्याडम, वीस साल झाले टँकर चालवतो. एक थेंब सांडला न्हाई. तुमाला कुणी सांगितलं?"

 मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांना खुर्चीवर बसवलं, चहा मागवला आणि पडद्यावरचा कोड ओळीओळीनं दाखवला. चाचांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे यो दुसरा ड्रायव्हर हाय?"

"हो चाचा."

"आन् याला जागा पन्नासचीच दिलेली?"

"हो."

चाचांनी टोपी डोक्यावर चढवली. "मग त्या बिचाऱ्याला का म्हून बोलता? गाडीच ल्हान दिली तर यो करंल काय!"

*

तरी एक कोडं होतं. रांग दिवसभर रिकामी असायची आणि सकाळी साडेनऊला एकदम तुंबायची. का? मी आठ दिवस कोड वाचला. छापून घेतला, घरी नेला, लाल पेनानं खुणा केल्या.

नवव्या दिवशी आमच्या फोनवर बसणाऱ्या सुशीलाताई डबा उघडता उघडता म्हणाल्या, "साडेनऊला माजा बी जीव जातो बघा. खेड्यांत लाईट येती ना! समद्या केंद्रांचे फोन एकदम. एकटीनं किती उचलू?"

 दूध मोजलं जायचं पहाटे, बॅटरीवरच्या काट्यावर. पण नोंद पाठवायला लाईट लागायची. लोडशेडिंग संपलं की सगळी केंद्रं एकाच मिनिटाला सुटायची!

"ताई, आठ दिवस मी हेच शोधत होते!"

ताईंनी भाकरीचा तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला. "मी तर हितंच व्हते की. इचारायचं न्हाई व्हय?"

*

मग मी जोशात रांग हजारांची करून टाकली. आता काही हरवेना. पण रांग लांब, त्यामुळं उत्तर जायला उशीर. केंद्रावरची माणसं धीर सोडून परत परत बटन दाबायची आणि तीच नोंद पुन्हा पुन्हा यायची. माझा कोड भोळा, तो सगळी बेरीज करायचा.

आठवड्याभरात आप्पा माझ्या खोलीत. हातात यादी. "पोरी, पारूबाईची गाय चाळीस लिटर देती! दुष्काळात! सत्कार करायचा."

मी तोंड उघडेपर्यंत जीप निघाली. मागून दुसरी गाडी करून मी गेले. पोचले तेव्हा आप्पा गोठ्यात शाल आणि नारळ घेऊन उभे, समोर बरगड्या मोजून घ्याव्यात अशी गाय, आणि तिच्या पाठीवर हात ठेवून म्हाताऱ्या पारूबाई.

"चाळीस? अडीच देती, मालक. त्ये बी माज्या शब्दाखातर."

मी मान खाली घालून चूक सांगितली. वाटलं, आता नोकरी गेली. आप्पांनी गाईकडं बघितलं, मग रिकाम्या गव्हाणीकडं. मग त्यांनी शाल उलगडली आणि गाईच्या पाठीवर घातली.

"असल्या सालात अडीच देती. मग सत्कार काय चुकला?"

दुसऱ्या दिवशी पारूबाईंच्या दारात कडब्याची बैलगाडी उभी होती. मी त्याच दिवशी प्रत्येक नोंदीला नंबर दिला, म्हणजे तीच पुन्हा आली तर मोजायची नाही, आणि रांग दोनशेवर आणली.

*

चारा छावणीतले जनावरांचे डॉक्टर एकदा माझ्यावर चिडले. निरोपही त्याच रांगेतून यायचे, आणि आजारी बैलाचा निरोप दुधाच्या नोंदींमागं तासभर अडकला होता. बैल वाचला, पण डॉक्टर बरोबरच होते. मी दोन रांगा केल्या. साधी आणि तातडीची. 'तातडी' अशी खूण केली की निरोप आधी वाचला जाणार.

चार दिवसांत सगळा जिल्हा तातडीत! "तातडी : चहापत्ती संपली." "तातडी : काटा पुसायला फडकं पाठवा." एका पठ्ठ्यानं तर पाठवलं, "तातडी : काही नाही, चालतंय का बघत होतो."

फक्त एका केंद्रावरचे नामदेवअण्णा कधी तातडी लावायचे नाहीत. त्यांचा काटा महिनाभर बंद, तरी निरोप साध्या रांगेत. मी फोन केला, "अण्णा, तातडीत टाकायचं ना!"

"असू द्या म्याडम. म्होरं कुनाचं जनावर आजारी आसंल."

*

आणि आता कमलताई.

धारूरच्या डोंगरातल्या एका गावचं केंद्र त्या चालवायच्या. त्याआधी दर वर्षी नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायच्या. केंद्र मिळालं म्हणून त्या साली पहिल्यांदा मागं राहिल्या, पोरीची दहावी होती.

उन्हाळा वाढला तशी निम्म्या केंद्रांवरून शून्य लिटरच्या नोंदी यायला लागल्या. मला वाटलं, शून्याला रांगेत जागा कशाला? मी एक ओळ लिहिली. शून्य असलं तर दारातूनच टाकून द्यायचं. स्वतःवर लई खूश होते मी! त्याच सुमारास संचालकांनी ठरवलं की ज्या केंद्राची पंधरा दिवस नोंदच नाही, ते बंद करायचं. ही दोन्ही टोकं जुळतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

एका दुपारी दारात एक बाई. चेहरा उन्हानं रापलेला, हातात वहीचं पान.

"सर्व्हरवाल्या म्याडम तुमीच का? माजं शून्य का म्हून घेत न्हाई तुमी?"

मला कळेना.

"गावातली समदी जनावरं छावणीला गेली. दूध न्हाई, कबूल. पण मी रोज केंद्र उघडते, कॅन धुते, लाईटीची वाट बघते, शून्य पाठवते. पडद्यावर 'पोचलं' म्हणून येतच न्हाई. आन् आता केंद्र बंदच्या यादीत माजं नाव!"

पानावर रोजची तारीख आणि पुढं शून्य. अठरा दिवस, अठरा शून्यं, वळणदार.

मी त्यांच्यासमोर ती ओळ काढली, सर्व्हर पुन्हा चालू केला. मग ते पान घेऊन आप्पांकडं गेले. आप्पांनी ते दोनदा वाचलं.

"रोज उघडती?"

"रोज."

त्यांनी यादी ओढली आणि कमलताईंचं नाव खोडलं.

त्यानंतर दीड महिना रोज सकाळी धारूरच्या डोंगरातून एक शून्य यायचं. ते दिसल्याशिवाय मी चहा घ्यायची नाही. मग छावणी उठली, जनावरं घरी परतली. एका सकाळी साडेनऊला फोन वाजला. कमलताई.

"म्याडम, आज दीड लिटर पाठवलंय. नीट बघा बरं का. सवयीनं शून्य समजून टाकून द्याल!"