अक्षरं मोठी केल्यावर

पुण्यापासून दूर, कन्नड मुलखातल्या जयनगरच्या त्या ऑफिसात चालत जाताना मी मुद्दाम चष्मा पर्समध्ये ठेवायचे. तसाही त्याचा फारसा उपयोग उरला नव्हता. झाडांच्या कडा विरघळून जायच्या, हिरवा उजेड सगळ्या रस्त्यावर सांडायचा, समोरून येणारी माणसं आधी नुसते रंग असायची आणि जवळ आली की माणसं व्हायची. भीती वाटायची, आणि खरं सांगते, सुंदरही वाटायचं.

माझ्या बुबुळावरचा पडदा हळूहळू शंकूसारखा पुढे येत होता. कुठवर वाढेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. पुण्याला कळवलं असतं तर भाऊ लगेच न्यायला आला असता. मग भाड्याची खोली, वेबसाइटी करायची ती नवीकोरी नोकरी, माझं स्वतःचं म्हणावं असं पहिलंच आयुष्य गुंडाळून परत जायचं. ऑफिसात कळलं तर नोकरीच गेली. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मी गप्प होते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. वेबसाइटच्या माथ्यावर शब्दांची पट्टी असायची. शब्दावर माऊसचा बाण नेला की खाली यादी उघडायची. ब्राउझरमध्ये अक्षरं मोठी करायची सोय होती, पण तिकडे कोणी फिरकत नसे. सगळे जेवायला गेले की मी ती वापरायचे, आणि मीच केलेला मेनू माझ्या डोळ्यांदेखत मोडायचा. शब्द चौकटीबाहेर लोंबायचे. यादी मथळ्यावर चढायची, नाहीतर बाण पोचायच्या आत मिटून जायची. स्वप्नात आपण दाराशी पोचतो आणि दार नसतंच, तसं काहीतरी.

मग मी हट्टाला पेटले. चौकटी पडद्याच्या ठरावीक ठिपक्यांत मोजायचं सोडून अक्षराच्याच मापात मोजू लागले, म्हणजे अक्षर वाढलं की चौकटही वाढेल आणि यादी आपोआप खाली सरकेल. रिकाम्या ऑफिसात पंख्याखाली बसून मी अक्षरं फुगवायचे, आटवायचे, पुन्हा फुगवायचे. दुपारी कुठे विरून जायच्या कळायचं नाही.

आमचे मालक निपाणीकडचे, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. ते वैतागायचे. "अक्षर मोठं करून कोण बघतंय हो? साइट द्या की आधी."

"स्वल्प थांबा, अण्णा," मी म्हणायचे. 'स्वल्प', म्हणजे जरासं, हा त्यांच्याच तोंडचा कन्नड शब्द; त्यांचंच शस्त्र त्यांच्यावर.

चिकपेटच्या बाजारातले एक साड्यांचे घाऊक व्यापारी आपली साइट बघायला आले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. अण्णा म्हणाले, "मॅडम, तुम्ही मेनू वाचा, मी त्यांना कन्नडात सांगतो." एरवी मी धडाधड पाठ म्हटला असता. पण त्याच सकाळी अण्णांनी स्वतः बसून यादीतले शब्द बदलले होते. मला पडद्यावर नुसती धुरकट पट्टी दिसत होती.

मी माऊस ओढला आणि दोघांच्या देखत अक्षरं सगळ्यांत मोठी केली. पट्टी सावकाश रुंदावली, खालची यादी उघडली आणि उघडीच राहिली. एकही शब्द चौकटीबाहेर गेला नाही. मी पडद्याशी वाकून एकेक शब्द वाचला. व्यापारी "सरी, सरी", म्हणजे ठीक, ठीक, करत खुशीत गेले.

अण्णा बसून राहिले. "कधीपासून कमी दिसतंय?"

"इथं यायच्या आधीपासून."

ते बराच वेळ यादी उघडत, मिटवत राहिले. मला वाटलं, आता निरोपाचं बोलणार.

"आता सगळ्या साइटींचे मेनू असेच करायचे," ते म्हणाले. "आणि तुमच्या मशीनवर अक्षर मोठंच असू द्या की. लपवताय कशाला?"

त्या संध्याकाळी एसटीडी बूथवरून मी पुण्याला फोन लावला आणि आईला डोळ्यांचं सगळं सांगितलं. ती रडायला लागली. म्हणाली, "बाळा, परत ये."

"नको गं आई," मी म्हणाले. "इथं मला दिसतं."