शेवंताक्काची टोळी

नव्या बाईच्या हातात शेवंताक्का लगेच कात्री द्यायची नाही. आधी तिला द्राक्षाच्या मांडवाखालून एक अख्खी ओळ रिकाम्या हातानं चालायला लावायची. मीही तशीच चालले. परत आल्यावर तिनं विचारलं, "काय बघितलंस?"

मी म्हटलं, "घड."

"घड कुठं पळून चाललेत? बाया बघ. उद्यापासनं त्यांच्यात ऱ्हायाचं हाय."

नव्वद सालानंतरची ही गोष्ट. बारामती-इंदापूर पट्ट्यात द्राक्षबागा वाढत होत्या. घडातले जादा मणी कात्रीनं काढायला, म्हणजे विरळणीला, बायकांच्या टोळ्या लागायच्या. शेवंताक्का कन्हेरीची, चाळिशी ओलांडलेली. तिच्या टोळीत सुरुवातीला आम्ही नऊजणी, सगळ्या जळोचीच्या. चौघी बौद्ध वस्तीतल्या, अक्काच्या नात्यातल्या. पाचजणी आम्ही मराठ्यांच्या. पहिल्या आठवड्यात जेवायला दोन झाडं आणि पाण्याला दोन कळशा. कोणी कोणाशी बोलायचं नाही. बोललंच तर भांडायला.

अक्कानं कोणाला समजावलं नाही. तिनं वेलाच्या एका बाजूला एक त्यांच्यातली, दुसऱ्या बाजूला एक आमच्यातली, अशा जोड्या लावल्या. "जेवायला कुठंबी बसा. येलाला मातुर समोरासमोर उभ्या ऱ्हावा." जिची ओळ आधी संपेल तिनं मागे फिरून दुसरीला हात लावायचा. कोणी कुरकुरली की म्हणायची, "तुझी वळ संपली, टोळीची न्हाय."

त्या मोसमाच्या शेवटी एक कळशी फुटली. उरलेली कोणाची, हे कोणी विचारलं नाही.

चार मोसमांत आम्ही तीसजणी झालो. शेजारणीच्या घरी काल भांडण झालंय, हे आम्हाला तिच्या कात्रीच्या आवाजावरून कळायचं. बागायतदार आमची वाट बघायचे. इंदापूरकडच्या एका बागेतला माल तर परदेशी जायचा. तिथं दुसरी टोळी चालायचीच नाही.

त्याच सुमाराला अक्काची नजर अधू व्हायला लागली. तिच्या हातून चांगले मणी कापले जाऊ लागले. आम्ही जुन्या बायका न बोलता तिचे वेल पुन्हा बघायचो. पण निम्म्याहून जास्त बायका आता नव्या होत्या, आणि ते वेल त्यांच्याही वाट्याला यायचे. एक दिवस त्यांच्यातली एक म्हणालीच, "तिचं काम आमी किती दिस करायचं?" उत्तर द्यायला आम्ही नऊजणी तिथंच होतो. एकीनंही तोंड उघडलं नाही. अक्काच्या नात्यातल्या चौघींनीही नाही.

इंदापूरकडच्या त्या बागायतदारानं मला बाजूला बोलावलं. "तू सातवी शिकलेली. टोळी तू चालव. त्या बाईला उद्यापासनं आणू नको." मला वाईट वाटलं, असं मी पुढं अनेकांना सांगितलं. खरं म्हणजे त्या वेळी मला आनंद झाला होता.

तोंडावर सांगायचं धाडस मात्र माझ्यात नव्हतं. बागेवर नेणारा टेंपो रोज आम्हाला घेऊन निघायचा, अक्का वाटेत कन्हेरी फाट्यावर चढायची. दुसऱ्या दिवशी सकाळी टेंपोत मी ड्रायव्हरशेजारी, अक्काच्या जागेवर बसले आणि म्हटलं, "आज कन्हेरी फाट्यावरनं नको. दुसऱ्या वाटेनं घे." मागे सगळी टोळी बसली होती. का, असं कोणी विचारलं नाही.

दिवस मावळायच्या आधी अक्का माझ्या दारात उभी. पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेले. तिनं माझे दोन्ही खांदे धरले, मला जवळून, वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"बऱ्या हायसा न्हवं समद्या? दुपारपतुर फाट्यावर बसले. म्हटलं, टेंपो पलटी झाला का काय. बारामतीला सरकारी दवाखान्यात जाऊन आले. तितं आपल्यातलं कुणी न्हाय म्हटल्यावर जिवात जीव आला."

टेंपो बिघडला होता, असं सांगायचं मी ठरवून ठेवलं होतं. पण माझी नजर तिच्या धुळीनं भरलेल्या पायांवर गेली. अक्का माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग तिनं माझ्या खांद्यांवरचे हात काढून घेतले.

"आसं व्हय," ती म्हणाली.

"बसा की, अक्का. च्या टाकते."

"नगं. अंधार पडला की मला वाट दिसत न्हाय."

ती निघाली. बाभळीच्या कुंपणाच्या कडेकडेनं, पाय चाचपत टाकत. तिला कन्हेरीपर्यंत सोडायला मी जायला हवं होतं. मी आत आले आणि दाराला कडी घातली.